अपेक्षित उत्तर : निरुत्तर

३ फेब्रुवारी, मंगळवार

परिपत्रक आलं. तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं!

विद्यापीठात शिक्षणशास्त्राचा विभागप्रमुख व्हायचं असेल तर शाळेत शिकवल्याचा अनुभव हवा. नसेल तर पंधरा दिवस एखाद्या शाळेत जाऊन मुलांना शिकवायचं, शेवटच्या दिवशी निरीक्षण पाठ द्यायचा, आणि त्यात चाळीसपैकी निदान अठ्ठावीस गुण मिळवायचे. आमचे सर ३१ मार्चला निवृत्त होतायत. त्यांच्या खुर्चीसाठी उमेदवार दोनच — मी आणि मूल्यमापन. मूल्यमापन म्हणजे तो विषय शिकवणारे आमचे सहकारी. माणूस वाईट नाही, पण चहाचा कप पुढे केला तरी मनात गुण देतायत असं वाटतं. ते इथे येण्याआधी सात वर्षं शाळेत होते. त्यांना सूट.

आणि मी? तेवीस वर्षं भावी शिक्षकांना अध्यापन पद्धती शिकवतेय. मागच्या बाकावर बसून अडीच हजार सराव पाठ तपासलेत. पण मुलांसमोर खडू धरला तो शेवटचा स्वतःच्या बी.एड.ला. वीस पाठ. तेव्हाही त्या वर्गाचे मास्तर दाराशी उभे असायचे, म्हणून मुलं गप्प.

परिपत्रकाला निरीक्षणाचा तक्ता जोडलाय. चाळीस मुद्दे, प्रत्येकी एक गुण. तो तक्ता मीच केलेला आहे! अकरा वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेने. मुद्दा तेहेतीस — शिक्षकाच्या चेहऱ्यावरील प्रसन्नता. मला तेव्हा कोणी अडवलं कसं नाही?

४ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंना सांगितलं. नवरा कामानिमित्त परगावी, घरात आम्ही दोघीच. त्या चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत होत्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल एक अक्षर कधी विचारलं नाही. माझा प्रबंध छापून आला तेव्हा हातात घेऊन एवढंच म्हणाल्या — हं, जड आहे. वजनाबद्दल बोलल्या की मजकुराबद्दल, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आज विचारलं, कितवी? म्हटलं, सहावी. "हं," म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता. हसू दाबत होत्या, मला काय कळत नाही?

७ फेब्रुवारी, शनिवार

पाठ टाचण तयार. चौदा पानं! आखीव रकाने — शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, आणि तिसरा माझा लाडका, अपेक्षित उत्तर. मी काय विचारणार, मुलं काय बोलणार, सगळं आधीच मांडलेलं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई रजेवर आहेत म्हणून मला विज्ञान दिलंय. माझा मूळ विषय इतिहास. पण पद्धत पक्की असली की विषय कोणताही चालतो, हे मी दरवर्षी जूनमध्ये सांगते.

पहिला पाठ बाष्पीभवन. सुरुवातीला सोपे प्रश्न, ज्यांची उत्तरं मुलांना येतात. शेवटचा प्रश्न मात्र असा की उत्तर येऊच नये. त्याच्यासमोर तिसऱ्या रकान्यात लिहायचं — निरुत्तर. मग त्या शांततेत आपण जाहीर करायचं की आज आपण अमुक शिकणार आहोत. याला हेतूकथन म्हणतात. त्या शांततेवर सगळा पाठ उभा असतो. यावर माझं एक प्रकरण आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

चौदा पानी पाठ नऊ मिनिटांत संपला. तास पस्तीस मिनिटांचा असतो.

सहावी ब. एकेचाळीस मुलं. मी विचारलं, ओले कपडे दोरीवर टाकले तर काय होतं? अपेक्षित उत्तर — वाळतात. आलेली उत्तरं — खाली पडतात, चोरीला जातात, आजी ओरडते. पुढच्या बाकावर एक चष्मेवाली आहे. ती मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "वाळतात म्हणा रे. बाईंना ते पाहिजेय." मग सगळे म्हणाले, वाळतात.

कसंबसं शेवटच्या प्रश्नापाशी पोचले. या क्रियेला काय म्हणतात? विचारून थांबले, चेहरा प्रसन्न ठेवला, शांततेची वाट बघितली. एकेचाळीस तोंडांतून एकदम — बाष्पीभवन! मागच्याच महिन्यात झालंय म्हणे. चाचणीतसुद्धा आलं होतं.

आता निरुत्तर लिहिलंय तिथे उत्तर आलं तर पुढे काय करायचं? हे टाचणात नाही. माझ्या प्रकरणातही नाही. आणि मी — देवा! — तरीही म्हणाले, "तर मुलांनो, आज आपण बाष्पीभवनाचा अभ्यास करणार आहोत." तेवीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. मधल्या रांगेतला एक मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "का?"

त्याचं नाव मी मनात का-का ठेवलंय. उरलेल्या सव्वीस मिनिटांबद्दल मी लिहिणार नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाई, जाऊ? — असं एकाने विचारलं. जा म्हटलं. मूल नैसर्गिक गरजेसाठी विचारतं तेव्हा अडवू नये, हे मीच शिकवते. अकरा जण गेले. परत आले चार. तास संपेपर्यंत सातांचा पत्ता नाही. शेवटी त्यांच्या वर्गशिक्षिकेने मैदानावरून गोळा करून आणले, गळ्यातली शिट्टी वाजवून. एकच शिट्टी, आणि साती जण रांगेत!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ही शिट्टी — म्हणजे वर्गशिक्षिका — माझी विद्यार्थिनी निघाली! पंधरा वर्षांपूर्वीची. मला आठवेना. तिला मात्र सगळं आठवत होतं. मी म्हणे तिच्या बारा पाठांवर एकच शेरा लिहिला होता — आवाज चढतो, कमी ठेवावा. "म्हणून मॅडम, आवाज अजिबात चढवत नाही मी आता," असं म्हणून तिने शिट्टी दाखवली. बोलली अगदी आदराने. मी चहात बिस्कीट बुडवून बसले, ते विरघळलं तरी कळलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकारात्मक प्रबलन करून पाहिलं. म्हणजे प्रत्येक उत्तराला शाबास. सतरा वेळा म्हटलं. का-का उभा राहिला आणि विचारलं, सगळ्यांनाच शाबास मिळतंय तर चुकतंय कोणाचं? त्यालाही शाबास म्हणाले.

घसा बसलाय. आठवडा कसा गेला विचारू नये कोणी. तसं कोणी विचारतही नाहीये.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेवटी सासूबाईंना विचारलंच. चोवीस वर्षांत पहिल्यांदा! भाजी निवडत होत्या. म्हटलं, आई, मुलं बसतच नाहीत. त्यांनी मान वर केली नाही. "बसा म्हटलंस ना, की सगळे बसेपर्यंत दुसरं काही बोलू नकोस. तू पुढचं बोलतेस, म्हणून ती बसत नाहीत."

एवढंच? संदर्भ काय याला? कोणत्या संशोधकाचं आहे? विचारणार होते, गिळून टाकलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बसा म्हटलं आणि गप्प उभी राहिले. एक मिनिट दहा सेकंद लागले. बसली!

चिडचिड झाली माझी. प्रबंधात वर्ग नियंत्रणाला त्रेपन्न पानं दिलीत मी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस वर्ग बसतोय. पण बसतोय एवढंच. समोर एकेचाळीस चेहरे, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या डोक्यावरच्या घड्याळावर. मुलांना बोलतं करावं म्हणून प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात मागते. बर्फ थंड असतो. बर्फ हा पाण्याचा गोठलेला प्रकार असतो. पाच जणांकडून म्हणून घेतलं की तास संपतो.

निरीक्षणाला नऊ दिवस राहिले. सराव कमी पडतोय, म्हणून शिट्टीकडून मुलांचा खेळाचा तासही मागून घेतला, रोजचा. ती जरा घुटमळली, पण दिला. मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात इतकी शांतता झाली की काय सांगू. अशी शांतता हेतूकथनाला मिळाली असती तर!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

विद्यापीठात गेले होते सही करायला. मूल्यमापन भेटले. कसं चाललंय विचारलं. उत्तम म्हटलं. त्यांनी माझ्या बाहीवरची खडूची पूड पाहिली आणि म्हणाले, पहिल्या वर्षी मीसुद्धा रडायचो, रोज. सहानुभूती होती की डाव, कळेना. माणूस सरळ बोलला की मला फार त्रास होतो.

ही खुर्ची मला हवी आहे. इथे लिहायला काय लाज? अकरा वर्षं सरांच्या हाताखाली वेळापत्रकं मी लावली, अहवाल मी लिहिले, बैठकीत चहा मागवायचा तोही मीच. सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा संधी येणार नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

निरीक्षण पाठाचं टाचण पूर्ण, पुन्हा चौदा पानं. विषय सांद्रीभवन — हवेतली वाफ गार होऊन पुन्हा पाणी होते ते. या वेळी शिट्टीला आधी विचारून घेतलं, झालेलं नाही. ग्लासात बर्फ घालणार. बाहेरून थेंब जमणार. विद्यार्थी कृती — विद्यार्थी कुतूहलाने पाहतात. मग शेवटचा प्रश्न. ग्लासाला भोक नाही, मग हे पाणी आलं कुठून? अपेक्षित उत्तर — निरुत्तर. हे मात्र नक्की येणार नाही त्यांना!

नियमाप्रमाणे टाचणाची एक प्रत शिट्टीला तीन दिवस आधी दिली. तिने वर्गातल्या टेबलावर ठेवली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलं आज विचित्र वागली. मी शिरताच आपापल्या वह्या झाकल्या. चष्मेवाली रांगेरांगेतून फिरत होती, मला बघून जागेवर गेली. का-काने दिवसभरात एकदाही का विचारलं नाही. ताप आहे का विचारलं. नाही म्हणाला, पूर्ण वाक्यात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

झाला पाठ. सगळं लिहून काढते.

मागच्या बाकावर आमच्या अधिष्ठाता बाई आणि आमचे सर. मुलांच्या बाकात दोघांचेही गुडघे हनुवटीला लागलेले. हातात माझा तक्ता. बसा म्हटलं. चार सेकंदांत वर्ग बसला! पहिला प्रश्न टाकला आणि एकवीस हात वर. उत्तर आलं पूर्ण वाक्यात. दुसरा प्रश्न, पूर्ण वाक्यात. तिसरा — "उष्णता मिळाल्याने पाण्याचे वाफेत रूपांतर होते." एवढ्याशा पोराच्या तोंडी रूपांतर! माझा ऊर भरून आला. वाटलं, जमलं गं बाई. अधिष्ठाता भराभर खुणा करत होत्या.

ग्लास काढला, बर्फ टाकला. आणि एकेचाळीस मुलं एकाच वेळी पुढे झुकली, माना लांब केल्या, डोळे इतके विस्फारले की एकाला ठसका लागला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मी आपली खूश, कुतूहल जागं झालं म्हणून!

मग तो प्रश्न. हे पाणी आलं कुठून? थांबले. चेहरा प्रसन्न. चष्मेवालीने हळूच मान हलवली, आणि सगळा वर्ग एका सुरात, खणखणीत आवाजात म्हणाला —

"निरुत्तर!"

सरांच्या हातातलं पेन पडलं. अधिष्ठातांनी वर पाहिलं. मुलं माझ्याकडे बघत होती, बरोबर आलं ना, अशी. आणि मला सगळं दिसलं. टेबलावरची प्रत. झाकलेल्या वह्या. दुसरा आणि तिसरा, दोन्ही रकाने पाठ केले होते पोरांनी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत!

हसू आलं मला. दाबलं, तर नाकातून आलं. मग जी सुटले ती टेबल धरून हसले. वर्ग आधी घाबरला, मग तोही हसायला लागला. हेतूकथन राहिलंच. टाचण मिटून ठेवलं आणि म्हटलं, बरं, हे झालं माझं. आता तुम्हाला काय वाटतं ते सांगा, कुठून आलं असेल? एक म्हणाली ग्लासाला घाम येतो. एकाने ग्लासाची बाहेरची बाजू चाटून पाहिली आणि सांगितलं, साधंच पाणी आहे. चष्मेवाली म्हणाली, हवेतून. बाकीच्यांनी तिला खुळ्यात काढलं. दहा मिनिटं नुसती भांडणं चालली. आणि मग का-का उठला.

"बाई, हवेत एवढं पाणी आहे तर आपण ओले का होत नाही?"

इतिहासवाली मी. मागे दोघं बसलेले, तक्त्यात मुद्दा सतरा — विषयावरील प्रभुत्व. म्हटलं, मला नाही माहीत. घंटा झाली. एकही मूल उठलं नाही.

अधिष्ठाता तक्त्याची घडी करून निघाल्या. सर म्हणाले, निकाल गुरुवारी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून डोळे भरून येतायत. एकेचाळीस मुलं! परक्या बाईसाठी, पंधरा दिवसांच्या ओळखीवर, तीन दिवस बसून चौदा पानांची उत्तरं पाठ करतात. त्यांना कळलं असणार बाईंची परीक्षा आहे ते. मला वाटत होतं त्यांना मी आवडत नाही. मुलांचं प्रेम असं आडून येतं! माझ्या कुठल्याच पुस्तकात हे नाही. खुर्ची गेली तरी चालेल, असं आज पहिल्यांदा वाटलं. पाच मिनिटं वाटलं, पण वाटलं.

सासूबाईंना सगळं सांगितलं. निरुत्तरला त्या इतक्या हसल्या की पाणी आणून द्यावं लागलं. मग मी मुलांच्या प्रेमाबद्दल बोलले. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "का केलं, ते विचारलंस का त्यांना?"

त्यात विचारायचं काय?

२ मार्च, सोमवार

विचारलं.

हजेरीपट परत द्यायला शाळेत गेले होते. मधली सुट्टी. चष्मेवाली पायऱ्यांवर डबा खात होती. शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं पाठ केलंत, का गं?

तिने घास गिळला. खोटं बोलायचा तिचा स्वभावच नाही. "वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, तुम्ही नापास झालात तर परत पंधरा दिवस याल. मग आमचा खेळाचा तास परत गेला असता." आणि मग काळजीने — "झालात ना पास?"

कळेल गुरुवारी, म्हटलं. मैदान ओलांडून फाटकापर्यंत कशी आले ते माझं मला माहीत. मागे उरलेली चाळीस खेळत होती. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पोरं घालवायला निघाली होती मला! माझाच रकाना वापरून!

३ मार्च, मंगळवार

सासूबाईंना चेहऱ्यावरून कळलंय. त्यांनी न विचारता चहा दिला, आणि स्वतःच्या पहिल्या वर्षाचं सांगितलं. एका वर्गाने म्हणे त्यांची बदली व्हावी म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज दिला होता. पहिलीच्या मुलांनी. दुसरं काही लिहिता येत नव्हतं, म्हणून मागणी तोंडी सांगितली आणि कागदावर सगळ्यांनी नुसती स्वतःची नावं लिहिलेली. मग काय झालं, विचारलं. "काय होणार? नावं लिहायला शिकवली होती मीच." असं म्हणून कप विसळायला गेल्या.

का-काच्या प्रश्नासाठी लायब्ररीतून विज्ञानाचं पुस्तक आणलं. सातवीचं. त्यात नाही. नववीचं आणलं.

५ मार्च, गुरुवार

निकाल. चाळीसपैकी एकोणतीस. पास!

मुद्दा सतराला शून्य, हेतूकथनाला शून्य. चेहऱ्यावरील प्रसन्नतेला अधिष्ठातांनी एकाचे दोन दिलेत आणि खाली सही केलीय. शेरा — वर्गाचा प्रतिसाद अभूतपूर्व. सरांनी हात मिळवला. खुर्ची माझी, एक एप्रिलपासून. मूल्यमापनांनी सगळ्यांदेखत अभिनंदन केलं आणि चहा पाजला. गुण देत नव्हते, चक्क हसत होते.

खुर्चीत बसून पाहिलं, सर बाहेर गेल्यावर. तिचा उजवीकडचा हात जरा हलतो. खिडकीतून वाहनतळ दिसतो. फार वेळ बसवलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

अधिष्ठातांना पत्र दिलं — पाठ माझा नव्हता, मुलांचा होता; गुण परत घ्यावेत; मला आणखी पंधरा दिवस द्यावेत, त्याच वर्गावर, खेळाचा तास वगळून. त्यांनी दोनदा वाचलं. निवड तोवर थांबणार नाही, खुर्ची मूल्यमापनांना जाईल, म्हणाल्या. जाऊ दे म्हटलं; का-काला उत्तर द्यायचं राहिलंय.

सोमवारी पहिला तास. सहावी ब ला अजून कोणी सांगितलेलं नाही.